पाळी गेली, त्वचा उरली

लाल दंतमंजन हे औषध की रोजच्या वापराची वस्तू, या प्रश्नाचा निकाल देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला दोनदा द्यावा लागला आहे. एकदा नव्वदच्या दशकात आणि पुन्हा २००९ मध्ये. एका बाजूला नागपूरचं केंद्रीय उत्पादन शुल्क खातं, दुसऱ्या बाजूला श्री बैद्यनाथ आयुर्वेद भवन. कंपनी म्हणे, हे आयुर्वेदिक औषध आहे, कर कमी लावा. खातं म्हणे, हे दात घासायचं मंजन आहे, पुरता कर भरा. न्यायालयाने दोन्ही वेळा खात्याचं म्हणणं उचलून धरलं. कसोटी लावली तीही कुणालाही पटावी अशी. औषध माणूस वैद्य सांगतो म्हणून घेतो, काही दिवस घेतो आणि थांबवतो. मंजन आयुष्यभर रोज सकाळी घासतो. गिऱ्हाईक ज्याला औषध समजत नाही, त्याला करापुरतं औषध कसं म्हणायचं?

हीच लढाई विको लॅबोरेटरीजने मात्र जिंकली. केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेली ही कंपनी. आपलं हळदीचं क्रीम म्हणजे सौंदर्यप्रसाधन नव्हे, हे तिने जाहिरातीतूनच देशाला पाठ करून दिलं होतं. आधीच्या न्यायालयांनी या वस्तूंना आयुर्वेदिक औषध मानलेलं होतं आणि ते खोडून काढणारा नवा पुरावा खात्यापाशी नव्हता, म्हणून सर्वोच्च न्यायालयात विकोचं म्हणणं टिकलं. थोडक्यात, हळदीचं क्रीम औषध ठरलं आणि गेरूचं मंजन ठरलं नाही.

हे जुने खटले उकरून काढायचं कारण असं, की ज्या वस्तूबद्दल हा लेख आहे ती नेमकी याच कुंपणावर बसलेली आहे. पाळी थांबत आलेल्या किंवा थांबलेल्या बाईच्या त्वचेसाठी बनवलेलं क्रीम. या बाईला आजार झालेला नाही, म्हणून तिला औषध लागत नाही असं म्हणावं, तर तिच्या पिंडऱ्या रात्रभर खाजतात. हा नटण्याचा विषय आहे म्हणावं, तर तिला नटायचं नसतं, अंग ताणायचं थांबलं तरी पुरे असतं. कायद्याकडे दोनच खण आहेत आणि ही बाई दोन्हींच्या मध्ये उभी आहे.

असं क्रीम कुठे बनावं, याचा विचार करताना मला एक गाव सुचतं: झाशी. मराठी वाचकाच्या मनात झाशी म्हणजे किल्ला, नेवाळकर आणि १८५७. पण आयुर्वेदिक औषधांच्या व्यापारात झाशीचं नाव वेगळ्या कारणाने घेतलं जातं. रामदयाल जोशी आणि रामनारायण शर्मा यांनी १९१७ मध्ये सुरू केलेल्या बैद्यनाथचा पसारा कोलकात्यातून पश्चिमेकडे सरकला, तेव्हा चाळीसच्या दशकाच्या आरंभी पाटणा, झाशी आणि नागपूर इथे कारखाने उभे राहिले. नागपूरकराला बैद्यनाथ म्हटलं की ग्रेट नाग रोडवरचा चौक आठवतो. झाशीकराला आपला खासदार आठवतो. विश्वनाथ शर्मा इथून लोकसभेत गेले होते आणि त्यांचे चिरंजीव अनुराग शर्मा २०१९ आणि २०२४ मध्ये निवडून आले. काढे, आसवं, अरिष्टं उकळणारं घराणं शहराच्या राजकारणात इतकं मुरलेलं दुसरीकडे क्वचित दिसेल.

झाशीत आणखी दोन गोष्टी आहेत. केंद्र सरकारच्या आयुर्वेद संशोधन परिषदेची एक संस्था इथे आहे. वनौषधींची ओळख आणि पारख हे तिचं काम. आणि १९६८ पासून राणी लक्ष्मीबाईंच्या नावाचं ॲलोपथीचं मेडिकल कॉलेज आहे. भोवतीच्या बुंदेलखंडात तीळ मुबलक पिकतो, जंगलात मोह आणि चारोळी आहे. वनस्पती ओळखणारे, औषध उकळणारे, रोगी तपासणारे आणि तेल पिकवणारे, चौघंही एका गावाच्या परिसरात. चाळिशी-पन्नाशीतल्या बाईच्या त्वचेसाठी काही नीट बनवायचं तर लागणारं जवळपास सगळं इथे आहे. बैद्यनाथच्या यादीत बायकांसाठी अशोकारिष्ट आहे, सुंदरी कल्प आहे. पण दोन्ही पोटात घ्यायची, त्वचेला लावायची नव्हेत.

आता त्वचेकडे वळू. भारतीय बाईची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, युरोप-अमेरिकेतल्या बाईची ५१ च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे हा काळ चारपाच वर्षं आधी येतो. सुश्रुताने पाळीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत सांगितला आहे. तो अजूनही फारसा चुकलेला नाही. बीजकोष इस्ट्रोजन बनवायचं कमी करतात. हे संप्रेरक गर्भाशयापुरतं काम करतं हा गैरसमज आहे. त्वचेच्या पेशींवरही त्याला ओळखणाऱ्या जागा असतात. ते कमी झालं की कोलॅजन कमी तयार होतं, त्वचेतलं पाणी धरून ठेवणारे घटक घटतात, तेलग्रंथी मंदावतात, वरच्या थरातली सेरामाइड नावाची स्निग्ध द्रव्यं उणावतात आणि त्वचेची नैसर्गिक आम्लता थोडी कमी होते. मार्क ब्रिनकॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात लंडनमध्ये केलेल्या कामातून एक आकडा पुढे आला, तो आजही सगळीकडे सांगितला जातो: पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन जातं, आणि त्यानंतर दर वर्षी साधारण २ टक्के.

बायका हे आकड्यांत सांगत नाहीत. साबण लावला की अंग ओढतं. पिंडरीवर नख ओढलं की पांढरी रेघ उठते. हनुवटीवर एखाददुसरा राठ केस, गालावर वांग गडद, आणि पंचवीस वर्षं लावलेली टिकली अचानक खाजायला लागते. टिकलीचं तर लक्षात ठेवावं असं आहे. काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल हे रसायन असतं, त्याने कपाळावर कायमचा पांढरा डाग पडू शकतो. आपल्याकडे अशा डागाला लगेच कोड म्हणून मोकळे होतात.

आणि त्यात अंगातून निघणाऱ्या वाफा. भर थंडीत घाम. झाशीच्या उन्हाळ्यात हे काय होत असेल याची कल्पना मुंबई-पुण्यात बसून येणार नाही. मे २०२४ मध्ये तिथे पारा ४९ अंशांवर गेला होता. ही कोरडी आग असते, दगडी टेकड्या रात्रीही तापलेल्या राहतात, लू वाहते. विहिरी-बोअरचं पाणी जड, साबणाचा फेस धरत नाही आणि अंगावर पांढुरका थर ठेवून जातं. हवेतला कोरडेपणा, पाण्यातला क्षार आणि आतून आटलेलं तेल, तिन्ही एकाच कातडीवर. थंडीत तिथे पारा पाचसहा अंशांपर्यंत उतरतो. म्हणून झाशीतल्या बाईला एकच डबी बारा महिने पुरेल असं मला वाटत नाही. उन्हाळ्याच्या दिवसात तिला पातळ, चटकन जिरणारं काही हवं, कारण वाफा येताना चेहऱ्यावर जाड थर असला की जीव गुदमरतो. जानेवारीच्या रात्री मात्र घट्ट, तुपकट मलमच लागतं. दिल्ली-मुंबईच्या कंपन्या वातानुकूलित खोलीतली त्वचा डोळ्यांपुढे ठेवून माल काढतात, असा माझा पक्का संशय आहे.

क्रीम त्वचेच्या आत किती जातं, हा यातला कळीचा प्रश्न. २००० साली यान बॉस आणि मार्कस माइनार्डी या नेदरलँड्समधल्या दोघा संशोधकांनी एक साधा ठोकताळा मांडला: रेणूचं वजन ५०० डाल्टनच्या वर गेलं की तो धडधाकट त्वचेतून आत शिरत नाही. हा ठोकताळा हातात घेऊन दुकानातल्या डब्या पाहिल्या की निम्मी जाहिरात गळून पडते. कोलॅजनचा रेणू लाखांच्या घरात. तो क्रीममधून लावला तर वरच बसतो, थोडं पाणी धरतो, सकाळी तोंड धुतलं की जातो. हायल्युरॉनिक आम्लाचंही बहुतांशी तेच. वर बसून पाणी धरणं हे काम वाईट नाही, पण त्याला हरवलेलं कोलॅजन परत आणणं म्हणणं ही थाप आहे. शतावरीतल्या ज्या सॅपोनिनांचं कौतुक होतं त्यांचं वजन आठशेच्या पुढे. पोटात घेतल्यावर शतावरी काय करते तो वेगळा विषय. गालावर लावलेली शतावरी बहुतेक वेळा डबीवरच्या चित्रातच काम करते.

उलट एस्ट्राडायॉल, म्हणजे इस्ट्रोजनचं मुख्य रूप, २७२ डाल्टनचं. ते त्वचेतून सहज आत जातं, म्हणून तर हार्मोनच्या पट्ट्या अंगावर चिकटवता येतात. १९४० च्या दशकात अमेरिकेत हेलेना रुबिनस्टाइनसारख्या बड्या कंपन्या इस्ट्रोजन घातलेली क्रीमं सरळ सौंदर्यप्रसाधन म्हणून विकत होत्या. आज ते चालत नाही, आणि चालू नयेच. त्वचेतून रक्तात गेलेलं संप्रेरक गर्भाशयाच्या अस्तरावर आणि स्तनांवरही काम करतं. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये असं औषध आहे. वरच बसणारे रेणू आणि हे संप्रेरक, या दोहोंच्या मध्ये सोयाबीनमधलं जेनिस्टीन येतं. वजन २७०, आत जातं, आणि इस्ट्रोजनच्या जागांवर अगदी हलक्या हाताने बसतं. अमेरिकेत एमेपेल नावाच्या मालिकेत याच कल्पनेवरचा एक कृत्रिम रेणू वापरतात. त्वचेत काम करून रक्तात पोचेपर्यंत तो निष्प्रभ होतो, असा कंपनीचा दावा आहे. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे त्यांनी अशा क्रीमच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये, हे डबीवर ठळक छापायला हवं.

आपल्या औषधी वनस्पतींपैकी ज्येष्ठमध मात्र या परीक्षेत पास होतो. त्यातलं ग्लॅब्रिडिन ३२४ डाल्टनचं; ते आत जातं आणि रंगद्रव्य बनवणाऱ्या विकराला आवर घालतं. वांगावर त्याचा उपयोग होतो. फक्त आपल्याकडे विकला जाणारा बराचसा ज्येष्ठमध बाहेरच्या देशांतून येतो. अशोकारिष्टातल्या अशोकाचं नशीब त्याहून वाईट. खऱ्या सीता-अशोकाची झाडं जंगलात कमी झाली आहेत आणि त्याच्या सालीच्या नावाखाली आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाला उभा असतो त्या उंच, सरळसोट खोट्या अशोकाची साल खपवली जाते. भेसळ नुसत्या डोळ्यांना कळत नाही. साल सूक्ष्मदर्शकाखाली कापून पाहावी लागते, रासायनिक ठसे जुळवावे लागतात. झाशीच्या संशोधन संस्थेसारख्या ठिकाणांचं खरं मोल इथे आहे. वनस्पतीची पारख करणारा माणूस कच्च्या मालाच्या गोदामाच्या दारात नसेल, तर पुढची सगळी यंत्रं फुकट.

क्रीम बनवायची रीत तशी गुंतागुंतीची नाही. एका भांड्यात तेल, मेण आणि दोघांना जोडणारं इमल्सिफायर. दुसऱ्यात पाणी, ग्लिसरीन. दोन्ही ७०-७५ अंशांपर्यंत तापवायचं, एकत्र ओतायचं, होमोजिनायझर फिरवून थेंब बारीक करायचे, हळूहळू थंड करायचं. ४० अंशांच्या खाली आलं की नाजूक घटक, प्रिझर्व्हेटिव्ह, हवा तर सुगंध. शेवटी आम्लता, म्हणजे पीएच, मोजायची, ती पाच ते साडेपाचच्या आसपास आणायची. सेरामाइड घालायचं तर तापमान आणखी चढवावं लागतं, नाहीतर ते विरघळत नाही आणि नंतर कणीदार होऊन वर येतं. ते महागही असतं, म्हणून अनेक डब्यांवर नाव मोठं आणि आत प्रमाण चिमूटभर.

क्रीममध्ये ६०-७० टक्के पाणीच असतं, त्यामुळे झाशीसारख्या ठिकाणी पहिला खर्च पाण्याचा. बोअरचं जड पाणी तसंच वापरलं तर त्यातले क्षार इमल्सिफायरला लढवत ठेवतात आणि क्रीम फाटतं. आरओ आणि त्यानंतर क्षार पूर्ण काढणारं यंत्र घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. दुसरा प्रश्न उष्णतेचा. मालाची टिकाऊ क्षमता पाहण्यासाठी उद्योगात ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता अशा कपाटात डब्या सहा महिने ठेवतात. ही 'कडक' परीक्षा. मे महिन्यात झाशीहून निघालेल्या ट्रकच्या बंद पेटीत यापेक्षा जास्त तापमान रोज दुपारी असतं. जी वस्तू बुंदेलखंडातल्या बाईसाठी आहे तिची परीक्षा बुंदेलखंडाच्या उन्हात घ्यावी. कपाट पन्नास अंशांवर चालवावं, मग कळेल.

तेल कोणतं? बुंदेलखंडात अंगाला मोहरीचं तेल लावतात. त्याला धार आहे, ऊब आहे, थंडीत बरं वाटतं. पण २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गॅरी डार्मस्टॅट आणि सहकाऱ्यांच्या उंदरांवरच्या प्रयोगात मोहरीच्या तेलाने त्वचेचं कुंपण दुरुस्त व्हायला उलट उशीर लागला. सूर्यफुलाच्या तेलाने ते लवकर सावरलं. कारण लिनोलिक आम्ल. त्वचेची सेरामाइडं बांधायला ते लागतं. तिळाच्या तेलात ते चाळीस टक्क्यांच्या आसपास असतं, शिवाय तीळ लवकर खवट होत नाही. बुंदेलखंडाच्या शेतात तीळ असताना डबीवर मोरोक्कोच्या अर्गानचं तेल मिरवायची गरज मला तरी कळत नाही. गरज विकणाऱ्याला असते.

परवान्याचं म्हणाल तर इथे तो सुरुवातीचा खटला परत दारात येतो. साधं सौंदर्यप्रसाधन म्हणून बनवायचं तर २०२० च्या प्रसाधन नियमांखाली राज्याच्या औषध प्रशासनाकडून सीओएस-८ नमुन्यातला परवाना. अटी फार मोठ्या नाहीत. क्रीमच्या विभागाला २५ चौरस मीटर जागा, आणि देखरेखीला औषधनिर्माणशास्त्राची पदविका किंवा निदान बारावीला रसायनशास्त्र घेतलेली व्यक्ती. म्हणजे बचत गटातली एखादी शिकलेली मुलगीसुद्धा कागदोपत्री पात्र ठरू शकते. प्राण्यांवर चाचण्या २०१४ पासून बंद आहेत. माणसांच्या त्वचेवर पॅच टेस्ट करावी लागते. आयुर्वेदाच्या बाजूने जायचं तर वेगळा परवाना, वेगळा दर्जा, आणि औषध नियमांत 'सौंदर्यप्रसाधक' नावाचा एक खास वर्गही आहे. दोन दारं का, तर त्यामागे पैसा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदिक औषधावर जीएसटी ५ टक्के आणि चेहऱ्याच्या क्रीमवर १८. तेच तीळतेल, तोच ज्येष्ठमध. दार बदललं की १३ टक्क्यांचा फरक. बैद्यनाथ आणि विको न्यायालयात का झगडले, हे आता वेगळं सांगायला नको.

दोन्ही दारांवर एक पाटी मात्र सारखी आहे. १९५४ चा औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा पाळीच्या तक्रारी आणि 'स्त्रियांचे आजार' बरे करण्याच्या जाहिरातीला मनाई करतो. त्यामुळे डबीवर 'रजोनिवृत्तीवर उपाय' असं लिहिणारा अडचणीत येऊ शकतो. 'या वयातल्या कोरड्या त्वचेसाठी' म्हणणारा बचावतो. मला हे बंधन आवडतं. खोटं बोलायची जागा कमी होते.

महाराष्ट्रात सध्या याच वयाच्या बायकांमध्ये शतधौत घृताची लाट आहे. चरकसंहितेत दाहासाठी सांगितलेलं हे मलम. गाईचं तूप तांब्याच्या परातीत पाण्याने शंभर वेळा फेटून धुवायचं. धुता धुता तुपातली मोकळी आम्लं निघून जातात, रंग पांढरा होतो, पोत लोण्याहून मऊ. कोरड्या, खाजऱ्या कातडीला ते खरंच शांत करतं. तळपायाच्या भेगांवर मी त्याचा गुण पाहिला आहे. तरी दोन अडचणी आहेत. एक, त्यात पाणी अडकून राहतं आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, म्हणजे ते दिवसांनी मोजायचं, महिन्यांनी नव्हे. दुसरी, घरातून, गटातून, फोनवरून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच डब्यांवर परवाना क्रमांकच नसतो. दुपारभर परात फिरवणाऱ्या बाईचे कष्ट खरे आहेत, पण जंतू कष्ट पाहत नाहीत.

त्याहून भयंकर प्रकार वांगाच्या क्रीमचा. पन्नाशीच्या सुमाराला वांग गडद झाला की बाई मेडिकलवाल्याला विचारते, आणि तो स्टेरॉइड आणि हायड्रोक्विनोन मिसळलेली ट्यूब पुढे करतो. आठ दिवसांत चेहरा उजळतो. काही महिन्यांत आधीच पातळ झालेली कातडी आणखी पातळ, लाल, उन्हाला भाजणारी होते. असं स्टेरॉइड असलेलं मलम चिठ्ठीशिवाय देऊ नये असा नियम २०१८ मध्ये झाला. दुकानाच्या फळीवर तो नियम दिसत नाही. परवान्याविना विकल्या जाणाऱ्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडतो तो वेगळाच. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीममुळे मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण पुढे आले. नियमाने क्रीममध्ये पाऱ्याचा अंश दहा लाखांत एकाच्या वर चालत नाही.

हे सगळं ज्यांना परवडतं त्यांचं झालं. आपल्या राज्यात पाळी पस्तिशीत गेलेल्या बायका आहेत. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. गर्भाशयाबरोबर बीजकोषही काढले, तर शरीर एका रात्रीत त्या वयात पोचतं. हळूहळू सवय व्हायला चारपाच वर्षं मिळत नाहीत. हाडं ठिसूळ होतात, झोप उडते, आणि उसाच्या पात्याने चिरलेली कातडी लवकर भरून येत नाही. त्वचेचा हा सगळा उद्योग ज्या बाईचा फोटो डबीवर छापतो ती शहरातली, रुपेरी केसांची, हसरी असते. फडातल्या बाईच्या हातात पडेल असं काय आहे? स्वस्त पेट्रोलियम जेली आहे, आणि ती खरंच चांगली आहे. त्वचेतून उडून जाणारं पाणी जेलीइतकं चोख अडवणारं दुसरं काही क्वचितच सापडतं. आंघोळीनंतर अंग ओलसर असताना लावली तर महागड्या डबीचं अर्धंअधिक काम ती करते. त्यात ग्लिसरीन आणि पाच-दहा टक्के युरिया मिळवला की उरलेलं.

परदेशात या वयाचा बाजार आता फुलला आहे. फ्रान्सच्या विशी या कंपनीची निओव्हाडिऑल मालिका कित्येक वर्षं आहे; हॉलिवूडच्या नेओमी वॉट्सने २०२२ मध्ये स्ट्राइप्स नावाचा ब्रँड काढला. चांगलं एवढंच की न बोलता सोसायच्या गोष्टीला दुकानात जागा मिळाली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाचा हार्मोनवाला एक भाग धोके दिसल्याने मध्येच थांबवला गेला आणि जगभर बायकांनी गोळ्या सोडल्या. त्या रिकाम्या जागेत क्रीमवाले शिरले, असं माझं मत आहे. डबी उघडून आतले घटक वाचले, तर बहुतेक ठिकाणी तेच ग्लिसरीन, नायसिनामाइड, सेरामाइड, जे शेजारच्या फळीवरच्या साध्या मॉइश्चरायझरमध्ये निम्म्याहून कमी किमतीत मिळतं.

आणि एका जागेबद्दल सगळे गप्प. पाळी गेल्यावर सर्वांत जास्त कोरडेपणा, आग आणि दुखणं योनिमार्गाच्या त्वचेला होतं. लघवीला जळजळ, संबंधाच्या वेळी रक्त, वारंवार होणारा संसर्ग. यावर इस्ट्रोजनचं स्थानिक मलम अगदी थोड्या मात्रेत फार चांगलं काम करतं आणि ते स्त्रीरोगतज्ज्ञ लिहून देऊ शकतात. गालासाठी हजार रुपये खर्च करणारी बाई याबद्दल नवऱ्याशी बोलत नाही, डॉक्टरांशीही नाही. झाशीतल्या मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत असो की आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, हा प्रश्न डॉक्टरांनी स्वतःहून विचारायला हवा.

पंचेचाळिशी ओलांडलेल्या वाचक भगिनींनो, डबी घेताना परवाना क्रमांक, बॅच आणि कालमर्यादा पाहा. नसेल तर परत ठेवा. सुगंध नसलेलं घ्या. उन्हात जाताना सनस्क्रीन लावा, वांगासाठी त्याच्यासारखं स्वस्त औषध नाही. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघा. आणि पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा एकदा जरी रक्त दिसलं, तर क्रीम, काढा, अरिष्ट सगळं बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.